गिटहब व एअरबाइट यांची जोडणी : सामाईक नोंदवहीची प्रतिकृती घेताना बाळगावयाची दक्षता

प्रस्तावना

वैद्यकव्यवसायात औषधाइतकेच नोंदीला महत्त्व आहे, हे सुज्ञ वाचकांना सांगावयास नको. रुग्णपत्रक नीट नसेल तर पूर्वीच्या चिकित्सेचा क्रम लागत नाही आणि बॅचची नोंद नीट नसेल तर औषधाचे उत्तरदायित्व कोणावरच राहत नाही. ही नोंद आजवर वहीत होत असे. आता ती संगणकावर होऊ लागली आहे, आणि एका ठिकाणची नोंद दुसऱ्या ठिकाणी आपोआप वाहून नेणारी साधनेही हाताशी आली आहेत.

आम्ही काही वैद्य व फार्मसीचालक मिळून कच्च्या वनौषधींविषयीच्या शंकांची एक सामाईक नोंदवही चालवितो. अशोकाच्या सालीत आसुपालवाची साल मिसळलेली आढळणे, शंखपुष्पी या एकाच नावाने निरनिराळ्या वनस्पती येणे, केशरात करडईच्या पाकळ्या सापडणे, या गोष्टी आपणां सर्वांच्या अनुभवास येतात. परंतु त्या ज्याच्या त्याच्यापाशीच राहतात. त्या एकत्र याव्यात आणि दर तीन महिन्यांनी त्यांचा गोषवारा सर्वांच्या हाती पडावा, एवढाच आमचा हेतू होता. नोंदवहीसाठी आम्ही गिटहब ही सेवा निवडली आणि तेथील नोंदी अहवालाच्या तक्त्यात आणण्यासाठी एअरबाइट हे साधन जोडले.

या जोडणीत आमच्या हातून एक चूक झाली आणि तिचा उपसर्ग एका निर्दोष फार्मसीला पोहोचला. दोष साधनाचा नव्हता. साधन सांगितले तेवढेच करीत होते. आपण त्याला नेमके काय सांगितले आहे, हे आम्हांलाच उमगले नव्हते. आता आपल्यापैकी अनेक जण अशा जोडण्या करू लागले आहेत, किंवा घरातील संगणक-अभियंता मुलामुलींकडून करवून घेत आहेत. म्हणून ही प्रक्रिया आम्हांला जशी समजली तशी, पूर्वकर्म, प्रधानकर्म व पश्चात्कर्म या आपल्या परिचित क्रमाने येथे मांडीत आहोत.

संज्ञापरिचय

गिट ही प्रणाली लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्सच्या कामासाठी तयार केली. कोणत्या संचिकेत कोणता बदल, कोणी, केव्हा आणि कोणत्या कारणाने केला, याचा इतिहास ती राखून ठेवते. या प्रणालीवर आधारलेली गिटहब ही सेवा २००८ साली सुरू झाली आणि २०१८ साली मायक्रोसॉफ्टने ती विकत घेतली. संगणक-प्रणालीचे लिखाण, म्हणजे कोड, ठेवण्याची जागा हा तिचा मूळ उपयोग होय. परंतु पाठशुद्धी, याद्या व सामाईक नोंदी यांसाठीही तिचा उपयोग होतो.

गिटहबमधील चार शब्द आपणांस लागतील. 'रिपॉझिटरी' म्हणजे एका कामाचे संपूर्ण दप्तर. 'कमिट' म्हणजे त्या दप्तरातील संचिकांत केलेला एक नोंदविलेला बदल. 'इश्यू' म्हणजे एखाद्या शंकेसाठी किंवा कामासाठी उघडलेली स्वतंत्र नोंद. तिला क्रमांक असतो, तिच्याखाली चर्चा करता येते आणि काम संपल्यावर ती बंद करता येते. 'लेबल' म्हणजे त्या नोंदीवर लावलेली चिठ्ठी. आमच्या नोंदवहीत प्रत्येक शंका हा एक इश्यू असून द्रव्याचे नाव, शंकेचा प्रकार आणि निर्णय यांची लेबले त्यावर लावलेली असतात. संबंधित फार्मसी अथवा पुरवठादार यांचे नाव न लिहिता ठरावीक सांकेतिक क्रमांक लिहिला जातो.

एअरबाइट ही कंपनी २०२० सालची. एका ठिकाणची विदा ठरावीक वेळाने दुसऱ्या ठिकाणी नेणे, हे तिच्या साधनाचे मुख्य कार्य. जेथून विदा घ्यावयाची तो 'स्रोत', जेथे ठेवावयाची ते 'गंतव्य', आणि या दोहोंना जोडणारे 'कनेक्शन', अशी त्याची रचना आहे. स्रोतातील प्रत्येक प्रकारच्या विदेच्या प्रवाहास 'स्ट्रीम' म्हणतात. हे साधन स्वतःच्या संगणकावर मोफत बसविता येते किंवा कंपनीच्या सर्व्हरवर शुल्क देऊन वापरता येते. आमच्या जोडणीत गिटहब हा स्रोत आणि पोस्टग्रेस नावाचा विदाकोष हे गंतव्य आहे. अहवालाचे तक्ते या पोस्टग्रेसमधून तयार होतात.

काय येते व काय येत नाही

प्रथम एका सार्वत्रिक गैरसमजाचे निरसन करणे इष्ट होईल. गिटहब जोडले की त्यातील सर्व संचिका पलीकडे येतील, अशी आमची समजूत होती. तसे होत नाही. एअरबाइटचा गिटहब-स्रोत दप्तराविषयीची माहिती आणतो. इश्यू, त्यांवरील चर्चा, कमिट, लेबले, शाखा, प्रसिद्ध केलेल्या आवृत्त्या या तिच्यात येतात. दप्तरात ठेवलेल्या द्रव्यसूचीच्या संचिकेत कोणत्या तारखेस कोणी बदल केला, हे कमिटच्या स्ट्रीममधून कळते. ती द्रव्यसूची मात्र त्यातून येत नाही. रुग्णपत्रकाच्या वेष्टनावरील नोंदी मिळाव्यात आणि आतील पत्रक मिळू नये, असा हा प्रकार आहे.

संचिकेतील मजकूरच हवा असेल तर एअरबाइटमध्ये 'फाइल' नावाचा वेगळा स्रोत आहे. त्याला त्या संचिकेचा थेट पत्ता द्यावा लागतो. म्हणून जोडणीस हात घालण्यापूर्वी आपणांस चर्चा हवी आहे की संचिका, हे निश्चित करावे. आम्हांला इश्यू हवे होते, त्यामुळे गिटहब-स्रोत योग्य ठरला. पाककृती किंवा द्रव्यसूची फार्मसीपर्यंत पोहोचवावयाची असेल, तर तो योग्य ठरणार नाही.

दुसरी गोष्ट अशी की, गिटहबच्या व्यवस्थेत संचिकेतील बदलाचा प्रस्ताव, ज्याला 'पुल रिक्वेस्ट' म्हणतात, तोही इश्यूच मानला जातो. परिणामी इश्यूच्या स्ट्रीममध्ये शंकांबरोबर हे प्रस्तावही येतात. आमच्या पहिल्या अहवालात शंकांची संख्या प्रत्यक्षाहून अधिक दिसली, त्याचे कारण हेच. तक्त्यात पुल रिक्वेस्टचा स्वतंत्र स्तंभ असतो. तो रिकामा असलेल्या ओळीच मोजाव्यात, म्हणजे संख्या जुळते.

पूर्वकर्म

स्नेहन-स्वेदनाविना शोधन केल्यास जे होते, तेच पूर्वतयारीविना केलेल्या जोडणीत होते. पूर्वकर्मात तीन गोष्टी येतात.

१. विदाशुद्धी. रुग्णाचे नाव, पत्ता, दूरध्वनी, छायाचित्र किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील या नोंदवहीत नसावा. दप्तर खाजगी ठेवले तरी हा नियम सैल करू नये. कारण जोडणी झाली की तीच माहिती दोन ठिकाणी राहते आणि दोन ठिकाणांची राखण करावी लागते. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा २०२३ साली संमत झाला आहे, हेही ध्यानात असू द्यावे.

२. स्वतंत्र खाते. एअरबाइटने गिटहबमध्ये कोणाच्या नावाने शिरावयाचे, हा प्रश्न असतो. बहुतेक जण स्वतःचेच खाते देतात. त्या खात्याला नोंदी बदलण्याचे व काढून टाकण्याचेही अधिकार असतात. ते अधिकार केवळ वाचन करणाऱ्या साधनास देण्याचे काहीच प्रयोजन नाही. गटाचे दप्तर 'ऑर्गनायझेशन' प्रकारच्या खात्यात ठेवावे, जोडणीसाठी वेगळे खाते उघडावे आणि त्या खात्यास त्या एकाच दप्तराचा केवळ वाचनाधिकार द्यावा. टोकनचे अधिकार ते काढणाऱ्या खात्याच्या अधिकारांहून अधिक कधीच होऊ शकत नाहीत. त्यामुळे पुढे टोकनमध्ये काही ढिलाई राहिली तरी मूळ नोंदीस धक्का लागत नाही.

३. टोकनची मात्रा. टोकन म्हणजे परवलीच्या शब्दाऐवजी दिली जाणारी लांबलचक चावी. गिटहबमध्ये ती दोन प्रकारची आहे. जुन्या, 'क्लासिक' प्रकारात खाजगी दप्तर वाचावयाचे तर 'रेपो' हा अधिकार द्यावा लागतो आणि त्यात वाचनाबरोबर लेखनही येते. २०२२ पासून आलेल्या 'फाइन-ग्रेन्ड' प्रकारात एकच दप्तर निवडता येते व इश्यूंसाठी केवळ वाचनाचा अधिकार देता येतो. आधी या दुसऱ्या प्रकाराने जोडणी करून पाहावी. क्लासिक टोकन वापरण्याची वेळ आलीच, तर वर सांगितलेले केवळ वाचनाधिकाराचे खाते आपले रक्षण करते. औषधाप्रमाणेच अधिकारही अल्पतम मात्रेत द्यावा आणि गरज सिद्ध झाल्यावरच वाढवावा.

टोकनला मुदत घालावी, ती संपण्याची तारीख भिंतीवरील दिनदर्शिकेत लिहून ठेवावी, आणि टोकन पत्रातून, मोबाइलवरील संदेशातून किंवा त्याच दप्तरातील संचिकेतून कोणासही पाठवू नये. मुदत संपली की प्रतिकृती थांबते. तक्ते मात्र जागेवर दिसत राहतात. तेव्हा तारीख विसरणे हा लहान दोष समजू नये.

प्रधानकर्म

आता प्रत्यक्ष जोडणीचा क्रम पाहू.

एअरबाइटमध्ये नवीन स्रोत घ्यावा व यादीतून गिटहब निवडावे. ओळख पटविण्याच्या जागी टोकन भरावे. कंपनीच्या सर्व्हरवरील सेवेत थेट गिटहबमध्ये प्रवेश करून संमती देण्याचाही मार्ग असतो. परंतु त्या क्षणी आपण कोणत्या खात्याने प्रवेश केला आहे, हे पाहून घ्यावे. आपल्या नेहमीच्या खात्याने संमती दिली गेली, तर पूर्वकर्मात घेतलेली काळजी वाया जाते.

त्यानंतर दप्तराचे नाव द्यावयाचे असते. आधी खात्याचे नाव, मग तिरकी रेघ, मग दप्तराचे नाव, असा क्रम असतो. दप्तराच्या नावाऐवजी तारांकित चिन्ह दिल्यास त्या खात्यातील सर्वच दप्तरे येतात. हे चिन्ह टाळावे. उद्या त्याच खात्यात एखादे गोपनीय दप्तर उघडले गेले, तर कोणाच्याही लक्षात न येता तेही प्रतिकृतीत जाऊ शकते.

पुढे आरंभतिथी विचारली जाते. क्रमवार पद्धतीने येणाऱ्या स्ट्रीममध्ये या तारखेच्या आधीच्या नोंदी येत नाहीत. इश्यूंच्या बाबतीत ही तारीख नोंद उघडल्याची नसून ती शेवटी बदलल्याची धरली जाते. म्हणजे २०२१ साली उघडून त्याच वर्षी बंद झालेली शंका, आरंभतिथी २०२३ ठेवल्यास येणार नाही; तीच शंका २०२४ साली कोणी पुन्हा उघडली असेल तर येईल. आमचे मत असे की, नोंदवही जुनी असली तरी आरंभतिथी तिच्या पहिल्या दिवसाची ठेवावी.

मग गंतव्य जोडावे आणि स्ट्रीमची निवड करावी. यादी लांबलचक असते. त्यांपैकी आम्ही इश्यू व चर्चा हे दोनच प्रवाह घेतो. जे वाचावयाचे नाही ते आणूही नये. शेवटी वेळापत्रक ठरवावे. त्रैमासिक अहवालासाठी दर २४ तासांनी एकदा प्रतिकृती होणे पुरेसे आहे.

गिटहब एका टोकनधारकास सर्वसाधारणपणे ताशी ५००० विनंत्यांची मुभा देते. टोकनविना ही मुभा ताशी ६० एवढीच आहे. एका विनंतीत जास्तीत जास्त १०० नोंदी मिळू शकतात. आमच्यासारख्या काही शे नोंदींच्या वहीस या मर्यादेची झळ लागत नाही. हा मुद्दा पुढे उपयोगी पडणार आहे.

प्रतिकृतीच्या मुख्य चार पद्धती

या जोडणीचे मर्म येथे आहे. प्रत्येक स्ट्रीम कोणत्या पद्धतीने आणावी, हे एअरबाइट विचारते. मुख्य पद्धती चार आहेत.

१. पूर्ण प्रत, जुनी पुसून : दर वेळी सर्व नोंदी नव्याने आणल्या जातात आणि जुनी प्रत टाकून दिली जाते.

२. पूर्ण प्रत, जुनीत भर घालून : दर वेळी सर्व नोंदी आणून जुन्यांच्या खाली जोडल्या जातात. एकच नोंद अनेकदा दिसते. मात्र प्रत्येक दिवसाचे चित्र शिल्लक राहते.

३. क्रमवार, भर घालून : मागील वेळेनंतर ज्या नोंदी नव्या आल्या किंवा बदलल्या, तेवढ्याच आणून खाली जोडल्या जातात.

४. क्रमवार, पुनरुक्ती काढून : नव्या व बदललेल्या नोंदीच आणल्या जातात आणि एका नोंदीचे अनेक पाठ झाल्यास शेवटचा तेवढा ठेवला जातो.

चौथी पद्धत प्रथमदर्शनी सर्वोत्तम वाटते. काम थोडे, तक्ता स्वच्छ, प्रत्येक नोंद एकदाच. आम्ही तीच निवडली. शंका बंद झाली, तिचे लेबल बदलले किंवा तिच्याखाली कोणी अभिप्राय लिहिला, की त्या नोंदीची 'शेवटचा बदल' ही वेळ पुढे सरकते. एअरबाइट ती वेळ पाहून नोंद पुन्हा आणते आणि जुना पाठ काढून नवा ठेवते. येथवर सर्व यथायोग्य चालते.

परंतु मूळ वहीतून एखादी नोंद काढूनच टाकली तर काय होते? काढून टाकलेल्या नोंदीस 'शेवटचा बदल' अशी वेळच उरत नाही, कारण ती नोंदच उरलेली नसते. "मागील वेळेनंतर काय बदलले?" या प्रश्नाच्या उत्तरात ती येत नाही. एअरबाइटला ती गेल्याचे कळण्याचा मार्ग राहत नाही आणि प्रतिकृतीत ती पूर्ववत् जिवंत राहते. प्रत्येक ओळीसोबत ती केव्हा आणली याची वेळ असते. पण तिच्यावरूनही निर्णय होत नाही. जुनी वेळ असलेली ओळ मुळात काढली गेली असेल, किंवा तिच्यात तेव्हापासून काही बदल झाला नसेल. दोन्ही सारख्याच दिसतात.

आमचा अनुभव

एका सकाळी आमच्या एका वैद्यमित्रांनी अशोकाच्या सालीविषयी शंका नोंदविली. साल पातळ आहे, भंग नेहमीसारखा नाही, मिश्रणाचा संशय येतो, असा मजकूर होता. लिहिताना फार्मसीच्या सांकेतिक क्रमांकात एक अंक चुकला. दुपारी प्रतिकृती झाली. सायंकाळी चूक त्यांच्या ध्यानात आली. त्यांनी आम्हांला कळविले, आणि आम्ही दप्तराच्या व्यवस्थापकाच्या अधिकाराने ती नोंद काढून टाकून योग्य क्रमांकाची नवी नोंद उघडली. मूळ वही शुद्ध झाली आणि आम्ही निश्चिंत झालो.

तिमाहीअखेर अहवाल निघाला. त्यात अशोकसालीची शंका दोन फार्मसींच्या नावे होती. सांकेतिक क्रमांकांची यादी सर्व सभासदांकडे असल्याने नाव झाकलेले राहण्याचा प्रश्नच नव्हता. अहवाल वाचून दोन वैद्यांनी त्या फार्मसीकडून अशोकारिष्ट घेणे थांबविले. आठवड्याभराने त्या फार्मसीच्या चालकांचा दूरध्वनी आला. ते आम्हांला वडीलधारे. रागावून बोलले नाहीत. "वैद्य, गेल्या सहा महिन्यांत आम्ही अशोकाची साल विकत घेतलेलीच नाही. मग ही शंका कोणी आणि कशावर घेतली?" एवढेच त्यांनी विचारले.

आम्ही मूळ वही उघडली. तेथे नोंद नव्हती. प्रतिकृती उघडली. तेथे होती. अहवाल प्रतिकृतीवरून निघाला होता. जी नोंद आम्ही स्वतः काढली, तीच आम्ही तीन महिन्यांनी सर्वांच्या हाती दिली होती. सर्व सभासदांना लेखी शुद्धिपत्र पाठविले आणि त्या चालकांकडे समक्ष जाऊन क्षमा मागितली. त्यांनी ती मोठ्या मनाने दिली. परंतु मध्यंतरीच्या काळात परत गेलेल्या बाटल्यांची भरपाई शुद्धिपत्राने होत नाही.

चिकित्सा

या प्रसंगानंतर आम्ही दोन बदल केले. दोन्ही एकत्रच करावेत, असा आमचा आग्रह आहे. कारण एकाने प्रतिकृतीचा दोष जातो आणि दुसऱ्याने मूळ वहीचा.

पहिला बदल : इश्यू व चर्चा या दोन्ही प्रवाहांसाठी पहिली पद्धत, म्हणजे जुनी प्रत पुसून पूर्ण प्रत घेण्याची, निश्चित केली. हजारो दप्तरे व लक्षावधी नोंदी असणाऱ्या संस्थेस हे परवडणार नाही; क्रमवार पद्धत तिच्यासाठीच आहे. आपल्या काही शे नोंदींसाठी मोजक्या विनंत्या पुरतात आणि ताशी ५००० ची मुभा त्याहून कितीतरी मोठी आहे. थोडक्या नोंदींच्या वहीने मोठ्या वहीची काटकसर करू नये. ज्यांना काही कारणाने क्रमवार पद्धतच ठेवणे भाग आहे, त्यांनी निदान अहवाल काढण्यापूर्वी एकदा पूर्ण प्रत घ्यावी.

दुसरा बदल : मूळ वहीतून कोणतीही नोंद काढून टाकावयाची नाही. बॅचपत्रकात चूक झाली तर आपण पान फाडत नाही किंवा पांढरी शाई लावीत नाही. एक आडवी रेघ मारून शुद्ध आकडा लिहितो व शेजारी सही-तारीख घालतो. गिटहबमध्येही तसेच करता येते. नोंदीतील क्रमांक दुरुस्त करावा, खाली दुरुस्तीचे कारण लिहावे. नोंदच निराधार असेल तर 'रद्द' असे लेबल लावून ती बंद करावी. दुरुस्तीचा इतिहास नोंदीपाशी राहतो, बदलाची वेळ पुढे सरकते आणि कोणत्याही पद्धतीची प्रतिकृती तो बदल उचलते. अहवालात 'रद्द' लेबलाच्या ओळी वगळाव्यात. रुग्णाची ओळख चुकून लिहिली गेली, हा मात्र अपवाद. अशी नोंद काढूनच टाकावी आणि त्याच दिवशी प्रतिकृतीतूनही ती गेल्याची डोळ्यांनी खात्री करावी.

पश्चात्कर्म

शोधनानंतर संसर्जनक्रम चुकला तर केलेले शोधनही बाधते. जोडणी झाली म्हणजे काम संपले, असे मानू नये. अहवाल छापण्यापूर्वी आम्ही पुढील परीक्षा करतो.

१. शेवटची प्रतिकृती यशस्वी झाली का व केव्हा, हे एअरबाइटच्या पटलावर पाहावे. टोकनची मुदत संपल्याने किंवा जाळ्यातील व्यत्ययाने ती थांबली असेल, तर तक्ता भरलेला दिसत असूनही शिळा असतो.

२. मूळ वहीतील उघड्या व बंद इश्यूंची संख्या प्रतिकृतीतील संख्येशी ताडून पाहावी. पुल रिक्वेस्ट वगळण्यास विसरू नये. संख्येत एकाचाही फरक आला तर तो शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये. आमच्या त्या अहवालात हा फरक एकाचाच होता आणि तो कोणी पाहिला नव्हता.

३. गिटहबमधील वेळा यूटीसीप्रमाणे येतात. भारतीय वेळ त्याहून ५ तास ३० मिनिटांनी पुढे असते. १ एप्रिलच्या पहाटे ४ वाजता लिहिलेली शंका तक्त्यात ३१ मार्चच्या रात्री १० वाजून ३० मिनिटांची दिसते आणि मागील तिमाहीत मोजली जाते. तक्त्यातच वेळेचे रूपांतर करून घ्यावे.

४. अहवालाच्या शिरोभागी "ही प्रत अमुक दिनांकास अमुक वेळी घेतली" असे स्पष्ट छापावे. वाचणाऱ्यास हे कळले पाहिजे की तो मूळ वही वाचीत नसून तिची प्रत वाचीत आहे.

५. कोणत्याही फार्मसीच्या किंवा पुरवठादाराच्या विरोधात जाणारी नोंद छापण्यापूर्वी ती मूळ वहीत उघडून वाचावी आणि संबंधितांस एकदा विचारावे. हे काम कोणत्याही साधनावर सोपवू नये. त्या दिवशी आम्ही एक दूरध्वनी केला असता, तर पुढचे काहीच घडले नसते.

मर्यादा

अशी नोंदवही म्हणजे कायद्याने ठेवावयाच्या नोंदींना पर्याय नव्हे, हे फार्मसीचालकांनी विशेष लक्षात ठेवावे. शेड्यूल टी मध्ये सांगितलेली उत्पादनाची व कच्च्या मालाची पत्रके ज्याची त्याने ठेवलीच पाहिजेत. औषधाच्या दुष्परिणामाची शंका असेल, तर ती आयुष औषधांच्या दक्षता-कार्यक्रमाकडे कळवावी. नवी दिल्ली येथील अखिल भारतीय आयुर्वेद संस्थान हे त्याचे राष्ट्रीय समन्वय केंद्र आहे. आपसातील वहीत ती लिहिली म्हणजे कर्तव्य झाले, असे होत नाही. त्याचप्रमाणे वहीतील शंका म्हणजे निदान नव्हे. द्रव्याची निश्चिती प्रत्यक्ष परीक्षेने व प्रयोगशाळेनेच होते.

उपसंहार

पूर्वी एका पोथीवरून दुसरी पोथी उतरविणारा लेखक मूळातील पाठ गाळी किंवा आपल्या पदरचा घाली, आणि पाठभेद उत्पन्न होत. आजची साधने अक्षरही इकडचे तिकडे करीत नाहीत, म्हणून प्रतिकृतीत पाठभेद होणारच नाही असे वाटते. आमचा अनुभव निराळा आहे. मूळ पोथी शुद्ध होत जाते आणि प्रत जुन्याच पाठावर थांबून राहते, हाही पाठभेदच; आणि तो सुबक तक्त्यात असल्यामुळे सहजासहजी दिसत नाही.

तेव्हा जोडणी अवश्य करावी. ती श्रम वाचविते आणि विखुरलेला अनुभव एकत्र आणते. फक्त तीन प्रश्नांची उत्तरे आधी लिहून काढावीत : मूळ कोणते, प्रत कोणती, आणि मूळातून गेलेले प्रतीतून जाते किंवा कसे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला एका सज्जन फार्मसीचालकांच्या नुकसानीतून मिळाले. आपणांस ते या लेखातून मिळावे, एवढीच इच्छा. इत्यलम्।